चकव्यावरचा कमी खर्चाचा फाउंड फुटेज भयपट: पात्रांनी कॅमेरा चालू का ठेवावा?

जांबोटीकर (प्रश्नकर्ता)

आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील काही मित्र मिळून सुमारे ४० मिनिटांचा एक भयपट करण्याच्या विचारात आहोत. सर्वांची पदरमोड धरूनही हाताशी ५० हजार रुपयांच्या वर रक्कम जमणार नाही. म्हणून फाउंड फुटेज हा प्रकार निवडला आहे. पात्रांनी स्वतःच केलेले चित्रण पुढे कोणाच्या तरी हाती लागले आणि तेच आपण पाहत आहोत, असा बहाणा या प्रकारात असतो. त्यामुळे भारी कॅमेरा, दिव्यांचा ताफा, क्रेन यांतले काही लागत नाही आणि चित्र थोडे हलले किंवा अंधारले तरी प्रेक्षक ते कथेचाच भाग समजून घेतो.

विषय चकव्याचा आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात वाढलेल्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगतो: ओळखीच्या रानात, रोजच्या पायवाटेवर माणूस एकाएकी वाट चुकतो आणि रात्रभर चालूनही फिरून फिरून त्याच जागी येत राहतो. चकवा लागला हे ध्यानात येताच आहे तिथेच खाली बसावे आणि उजाडेपर्यंत उठू नये, असे आमच्याकडची जाणती माणसे सांगतात. चकवा कोणाला दिसत नाही आणि कोणाचा गळाही धरत नाही. आमच्यासारख्या कफल्लक निर्मात्यांना याहून सोयीचे भूत कुठले मिळणार?

सध्याची कथा अशी आहे. बेळगावातील एका महाविद्यालयाचे चार विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत भीमगडाच्या बाजूला भटकंतीला जातात, यूट्यूबवर टाकण्यासाठी वाटेत चित्रण करतात आणि संध्याकाळनंतर वाट चुकतात. पुढचे सर्व प्रसंग त्यांच्या मोबाइलवर टिपलेले आहेत. पटकथा वाचलेल्या प्रत्येकाने एकच शंका काढली. जीव मुठीत धरून पळणारा माणूस मोबाइल समोर धरून कशाला पळेल? यावर उपाय म्हणून आम्ही एका पात्राच्या तोंडी ‘सगळं रेकॉर्ड कर, लोकांना कळलं पाहिजे’ असे वाक्य घातले, पण तालमीत ते ऐकताना आम्हालाच हसू आले.

आणखी दोन मुद्द्यांवर मत हवे आहे. कथेतला वनरक्षक स्वाभाविकपणे कन्नड बोलतो. तिथे मराठी उपशीर्षके दिली तर ‘सापडलेले चित्रण’ हा बहाणा मोडतो का? दुसरे असे की, प्रदर्शनापूर्वी ‘चार विद्यार्थी बेपत्ता’ अशी भित्तिपत्रके खानापूर आणि बेळगाव बसस्थानकांवर लावावीत, असा आमच्यातील एकाचा आग्रह आहे. परदेशात या युक्तीने एक चित्रपट तुफान चालला, असे त्याचे म्हणणे आहे.

शहापूरचा प्रेक्षक

पळणाऱ्या माणसाच्या हातात मोबाइल का, ही शंका संवाद बदलून मिटणार नाही, कारण गोची पात्रांच्या निवडीतच आहे. हौसेखातर चित्रण करणारा माणूस भीती वाटताच चित्रण थांबवतो, हे प्रेक्षकाला स्वतःवरून ठाऊक असते. त्यामुळे ज्याला चित्रण थांबवणे परवडणार नाही, असे पात्र आधी शोधावे लागते. कॅमेऱ्याची गरज भीती सुरू होण्याच्या कितीतरी आधी आणि भीतीशी संबंध नसलेल्या कारणाने ठरलेली असली, तर ती कोणाला बोलून दाखवावी लागत नाही.

तुमच्या मित्राच्या डोळ्यांसमोर असलेला चित्रपट १९९९ सालचा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ असावा. डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी तो अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, आठ दिवसांत चित्रित केला. त्यातली तीन पात्रे माहितीपट करायला निघालेली आहेत, म्हणजे चित्रण हे त्यांचे कामच आहे. त्यांच्याकडे एक रंगीत व्हिडिओ कॅमेरा आणि एक कृष्णधवल १६ मिमीचा फिल्म कॅमेरा आहे. तरीही वाट पुरती हरवल्यावर तुम्हाला पडलेला प्रश्न दिग्दर्शकांना टाळता आला नाही. त्यांनी तो भांडणात आणला. कॅमेऱ्यातून पाहिले की समोरचे तितकेसे खरे वाटत नाही, म्हणून तुला तो सोडवत नाही, असे एक सहकारी नायिकेला सुनावतो. त्या एका आरोपामुळे कॅमेरा हा तिच्या स्वभावाचा भाग होतो आणि पुढे कितीही वेळ तो चालू राहिला तरी आपण हरकत घेत नाही.

ऑरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’मध्ये अगदी वेगळी वाट धरली. २००७ साली प्रथम दाखवला गेलेला हा चित्रपट त्यांनी सुमारे १५ हजार डॉलरमध्ये स्वतःच्या राहत्या घरात केला. त्यातील सर्वांत भीतिदायक दृश्यांत कॅमेरा कोणाच्या हातातच नाही. तो शयनगृहात तिवईवर उभा आहे, जोडपे झोपलेले आहे आणि कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकत आहे. पळताना कॅमेरा का धरला, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शिवाय चित्र स्थिर असल्याने प्रेक्षक स्वतःच चौकटीचा कानाकोपरा धुंडाळू लागतो आणि दार बोटभर हलले तरी दचकतो. गरीब निर्मात्याने यातून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे, कारण न हलणाऱ्या कॅमेऱ्याला काहीच खर्च येत नाही.

आता तुमच्या तालुक्यात रात्री चित्रण करण्याची खरीखुरी गरज कोणाला असते, ते पाहू. भात पोटरीला आले की गवे आणि रानडुकरे शिवारात उतरतात आणि रानालगतच्या गावांत माळ्यावर बसून राखण केली जाते. वन खात्याकडे पिकाच्या नुकसानीची भरपाई मागायची तर पुरावा म्हणून छायाचित्रे जोडावी लागतात. समजा, एका घरचा भरपाईचा अर्ज मागच्या हंगामात पुराव्याअभावी परत आला आहे. यंदा घरातला पुण्याला कामाला असलेला मुलगा रजा काढून आला आहे आणि गव्यांचा कळप पिकात शिरतानाचे चित्रण मिळाल्याशिवाय परतायचे नाही, असे त्याने ठरवले आहे. घरातला जुना मोबाइल त्याने माळ्याच्या बांबूला सुतळीने करकचून बांधला आहे, त्याला पॉवर बँक जोडली आहे आणि त्यावर पाणी पडू नये म्हणून खताच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला आहे. दुसरा मोबाइल त्याच्या हातात आहे. सोबत डबा बडवायला चुलता आहे. या माणसाने कॅमेरा चालू का ठेवला, असे कोणीही विचारणार नाही, कारण त्या चित्रणावर घरच्या वर्षभराच्या भाताचा हिशेब अवलंबून आहे.

असे केल्याने चार विद्यार्थ्यांऐवजी दोनच मुख्य पात्रे उरतात, तुमचा प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च उतरतो आणि चकव्याला घरचे शिवार मिळते. परक्या रानात वाट चुकणे हे कोणालाही पटते, म्हणूनच त्यात फारशी भीती नाही. स्वतःच्या बांधावर वाट चुकणे हा खरा चकवा.

याला दुजोरा देणारी एक गोष्ट जाता जाता सांगतो. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी लोकांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगितले होते. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली, पण आभाळ झाकोळताच ती गोल फिरू लागली आणि आपण स्वतःचीच वाट ओलांडत आहोत याची त्यांना जाणीवही नव्हती. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर कधी कधी २० मीटरहूनही लहान निघाली. तेव्हा रात्र ढगाळ ठेवा, चंद्राचा मागमूस नको. हातातल्या मोबाइलच्या चित्रणात एका वारुळाजवळ टाकलेली निळी चप्पल एकदा ओझरती दिसू द्या. काही मिनिटांनी ती पुन्हा दिसू द्या. तिच्याविषयी कोणत्याही पात्राने एक अक्षर बोलू नये, हे मात्र कटाक्षाने पाळा.

ध्वनिवेडा वडगाव

राखणीची कल्पना मला पसंत आहे. मी लग्नसमारंभांच्या चित्रणाचे संकलन आणि ध्वनी यांचे काम करतो, म्हणून कथेऐवजी यंत्रांविषयी लिहितो. अशा चित्रपटांचे खरे नुकसान तिथेच होते.

ओबडधोबड चित्र प्रेक्षक खपवून घेतात, पण न समजणारा संवाद ते एक मिनिटही सहन करत नाहीत. मोबाइलचा माइक आपोआप आवाजाची पातळी ठरवतो. शांतता असली की तो पातळी वाढवत नेतो आणि रातकिड्यांची किर्र एखाद्या कारखान्यासारखी भासू लागते. मग कोणी अचानक डबा बडवला की आवाज फाटतो. ही खोड कथेला उपयोगी पडेल, म्हणून ती पूर्णपणे घालवू नका. संवाद मात्र पात्रांच्या सदऱ्याआड लपवलेल्या लहान ध्वनिमुद्रकावर वेगळे घ्या आणि संकलनात ते मोबाइलच्या आवाजाखाली हलकेच मिसळा. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी एक टाळी वाजवून ठेवली की दोन्ही मुद्रणे जुळवणे सोपे जाते. बहुतेक मोबाइल चौकटींची गती आपल्या मर्जीने कमीजास्त करतात, त्यामुळे लांब तुकड्यांत ओठ आणि आवाज यांची फारकत होते. गती स्थिर ठेवणारे ॲप वापरून ती सेकंदाला २५ चौकटींवर बांधून टाका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने या गतीला शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीवर उजेड पडण्याचा वेळ, सेकंदाचा एक-पन्नासांश ठेवला की ट्यूबलाइटखालच्या चित्रात पट्टे फिरत नाहीत. सुरुवातीला पडवीतले जेवण दाखवणार असाल, तर हे हमखास लागेल.

पार्श्वसंगीत अजिबात नको. सापडलेल्या चित्रणात व्हायोलिन कोणी वाजवले, ही शंका प्रेक्षक बोलून दाखवत नाही, पण त्याच्या मनातला विश्वास तिथेच ढिला पडतो. त्याऐवजी रानाचा आवाज वेगळा मुद्रित करून ठेवा: भातावरचा वारा, पानांवरून उशिरापर्यंत ठिबकणारे पाणी, दूर घाटात गिअर बदलणारी मालमोटार. माझे ऐकाल तर रातकिडे हेच तुमचे भूत करा. जनावर किंवा माणूस जवळ आले की किडे गप्प होतात, हे राखणीला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तसे एखादे वाक्य चुलत्याच्या तोंडी दिवसाउजेडीच येऊन जाऊ द्या. पुढे मध्यरात्री समोर काहीही दिसत नसताना किर्र हळूहळू विरली, तर त्या शांततेचा अर्थ प्रेक्षकाला वेगळा सांगावा लागणार नाही. ती विरताना मोबाइलच्या माइकची पातळी आपोआप वर चढेल आणि दोघांचे श्वास ऐकू येऊ लागतील. तेवढे पुरे.

उजेडाबाबत एक सूचना. स्वस्त एलईडी बॅटरी मंद केली की तिचा उजेड डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकतो आणि मोबाइलच्या चित्रात आडवे काळे पट्टे उमटतात. चित्रीकरणाआधी दोन-तीन बॅटऱ्या तपासून त्यांतली नीट चालणारी एक निवडा.

निपाणीकर

माझे मत थोडे कडू आहे. हा प्रकार आता शिळा झाला आहे. कन्नडमध्येही २०१३ साली के. एस. अशोक यांचा ‘६-५=२’ हा याच प्रकारातला चित्रपट आला. त्यातही तरुणांची टोळी रानात भटकंतीला जाते, आणि पुढच्याच वर्षी त्याची हिंदी आवृत्ती निघाली. त्यानंतर यूट्यूबवर पडक्या वाड्यात रात्र काढणाऱ्यांचे पेवच फुटले. जांबोटीकरांनी राखण आणि भरपाईची ही गोष्ट सरळ कथापट म्हणून करावी. भरपाईसाठी कार्यालयाचे उंबरे झिजवणारा शेतकरी हा विषय एवढा सकस आहे की त्याला हलत्या कॅमेऱ्याचा टेकू द्यावा लागू नये.

शहापूरचा प्रेक्षक

निपाणीकरांशी मी अर्धा सहमत आहे. रानात जाणारी तरुणांची टोळी खरोखरच जुनी झाली, म्हणूनच ती कथेतून काढा असे मी सुचवले. सरळ कथापट करायचा तर मात्र रात्रीचे शिवार उजळावे लागेल, त्यासाठी जनरेटर आणि दिवे भाड्याने आणावे लागतील आणि ५० हजार पहिल्या दोन रात्रींतच उडून जातील. शिवाय कथापटात कॅमेरा पात्रांहून अधिक जाणतो. पात्र पाठमोरे असतानाही तो समोरून येणारे संकट दाखवू शकतो. इथे मात्र विजेरीच्या झोतापलीकडे काय आहे, ते पात्रालाही दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही. चकव्यासारख्या अदृश्य गोष्टीला ही मर्यादाच मानवते.

जांबोटीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भरपाईच्या पुराव्याची कल्पना आमच्या मंडळींना एकदम पटली, कारण आमच्यापैकी दोघांच्या घरची राखण अजून चालू आहे आणि माळाही बांधलेला आहे. आता भीमगडाकडची दृश्ये ठेवावीत की वगळावीत, असा विचार चालला आहे. भित्तिपत्रकांच्या मुद्द्यावर कोणीच लिहिले नाही. आग्रह धरणारा मित्र अजून हटलेला नाही, तेव्हा त्यावरही कोणीतरी स्पष्ट लिहावे.

कणकुंबीचा पाऊस

भीमगडाची दृश्ये वगळावीत. तो परिसर २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी आणि चित्रीकरणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. रात्री दिवे, माणसे आणि आरडाओरडा घेऊन आत जाणे तर त्या रानावर उघड अन्याय ठरेल. तिथल्या बारापेडे गुहांत जगात अगदी मोजक्या ठिकाणी आढळणारे वटवाघूळ वस्ती करून आहे, आणि चाळीस मिनिटांच्या चित्रपटासाठी त्याची झोपमोड करावी असे मला वाटत नाही. मालकीचे शिवार आणि त्याला लागून असलेली खासगी काजूची बाग एवढ्यावर तुमचे काम भागेल. काजूची झाडे बुटकी असतात, फांद्या जमिनीपर्यंत उतरलेल्या असतात आणि विजेरीच्या झोतात प्रत्येक झाड मागच्यासारखेच दिसते. चकव्याला यापेक्षा सोयीची जागा घनदाट रानातही मिळणार नाही. मालकाची लेखी संमती घ्या, गावच्या पंचांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला तारखा कळवा. रात्री शिवारात ओरडण्याचे आवाज आले की गाव काठ्या घेऊन धावत येते, आणि तसे ते यायलाच हवे. गवे खरोखर येतात हेही विसरू नये. कळप दिसला की काम थांबवून सर्वांनी माळ्यावर चढावे. गव्याचे चित्रण दुरूनच, वेगळ्या रात्री घेऊन ठेवावे.

आता भित्तिपत्रके. ती लावू नका. ‘ब्लेअर विच’च्या वेळी बेपत्ता व्यक्तींची पत्रके वाटली गेली, संकेतस्थळावर खोटी कागदपत्रे टाकली गेली आणि युक्ती चालली, हे खरे. पण तिची किंमत कोणी मोजली, तेही पाहावे. नायिकेच्या आईला लोकांची सांत्वनपत्रे येऊ लागली. चित्रपटात नाव आलेले बर्किट्सव्हिल हे छोटे गाव हौशी पाहुण्यांनी हैराण झाले आणि गावाच्या नावाची पाटीसुद्धा चोरीला गेली. कलाकारांची खरी नावे पात्रांना दिली होती. आपल्याला पुरेसा मोबदला मिळाला नाही, ही त्या तिघांची तक्रार २०२४ मध्येही चालू होती. त्याआधी, १९८० साली, इटलीचे दिग्दर्शक रुजेरो देओदातो यांना आपल्या अशाच एका चित्रपटातील कलाकार जिवंत असल्याचे अधिकाऱ्यांना पटवून द्यावे लागले होते.

आपल्याकडे तर गोष्ट याहून गंभीर आहे. जुलै २०१८ मध्ये मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले आणि त्याच महिन्यात आपल्याच राज्याच्या बीदर जिल्ह्यात तशाच संशयातून एका तरुण अभियंत्याचा बळी गेला. दोन्हीकडे ठिणगी मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांची होती. तुमच्या पत्रकाचे कोणीतरी छायाचित्र काढील, ते संदर्भाविना चार गटांत फिरेल आणि त्या आठवड्यात गावात नवखा फेरीवाला आला तर त्याचे काय होईल, याचा तुमच्या मित्राने विचार करावा. बसस्थानकावर खरोखर हरवलेल्या माणसांची पत्रके शोधणारे नातेवाईकही रोज येतात, त्यांच्या शेजारी आपली गंमत चिकटवू नये.

कथेतल्या गावाला खरे नाव देऊ नका आणि कलाकारांची खरी नावे पात्रांना लावू नका. प्रत्येकाशी एका पानाचा का होईना, पण करार करा. आरंभी ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी पाटी टाकली तर भीती कमी होईल, असे तुम्हाला वाटत असेल. माझा अनुभव उलट आहे. आजी गोष्ट सांगायला बसली की ती खोटी आहे हे सगळ्या पोरांना ठाऊक असायचे, तरी कंदील मालवल्यावर एकही पोर एकटे मोरीकडे जात नसे.

ध्वनिवेडा वडगाव

वरच्या सर्व मुद्द्यांशी सहमत. एक भर घालतो: चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल. यूट्यूबवर टाकण्यासाठी ते लागत नाही.

टिळकवाडीची वाचक

भाषेच्या प्रश्नाला अद्याप कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

उपशीर्षकांनी बहाणा मोडतो का, हे ठरवण्याआधी या चित्रणाचे तुकडे जोडले कोणी, याचे उत्तर पटकथेत असायला हवे. सापडलेले चित्रण आपोआप ४० मिनिटांचे होत नाही. कोणीतरी ते पाहिलेले असते, निवडलेले असते, एका क्रमाने लावलेले असते. राखणीच्या कथेत त्याचे उत्तर तयारच आहे. दोन्ही मोबाइलमधले चित्रण भरपाईच्या अर्जासोबत सादर झाले आहे, असे धरा. मग आरंभी अर्जाचा क्रमांक, सर्व्हे क्रमांक, पिकाचे नाव, तारीख अशी रुक्ष माहिती पडद्यावर येईल आणि अर्ज सरकारी असल्याने ती कन्नडमध्ये असेल. अर्ज मराठी घरातून आला, कार्यालयाचे कामकाज कन्नडमधून चालते, म्हणून चित्रण तपासणाऱ्या कर्मचाऱ्याने कुटुंबाच्या मराठी बोलण्याखाली कन्नड मजकूर टाकला आहे आणि वनरक्षकाच्या कन्नडखाली काहीच टाकलेले नाही, कारण त्याला त्याची गरज नव्हती. आपल्या भागातल्या बहुतेक प्रेक्षकांना दोन्ही भाषा कानावरून कळतात, त्यामुळे त्यांचे काही अडणार नाही. साताऱ्या-पुण्याकडच्या प्रेक्षकांसाठी मराठी उपशीर्षकांची प्रत वेगळी काढता येईल.

वनरक्षकाला मात्र खलनायक करू नका, असा माझा आग्रह राहील. सीमाभागात कन्नड बोलणारा सरकारी माणूस पडद्यावर आला की प्रेक्षक लगेच त्याच्याकडे वादाच्या चष्म्यातून पाहू लागतो, आणि मग चकवा बाजूला राहून भलतीच चर्चा रंगते. तो भला, थकलेला, आपल्यापरीने मदत करणारा असावा. दिवसा येऊन तोच सांगून जाईल की गवे आले तर खाली उतरू नका, चित्रण माळ्यावरूनच करा. चुलताही तेच सांगेल, फक्त त्याचे कारण वेगळे असेल: अंधारात वाट सापडेनाशी झाली तर आहे तिथे बसायचे, आणि कोणी नावाने हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. दोघांच्या भाषा वेगळ्या, विश्वास वेगळे आणि सल्ला एकच. पुतण्या मात्र दोघांचेही ऐकणार नाही, कारण माळ्यावरून घेतलेल्या चित्रणात गव्यांची नुसती काळी ठिपकी येतात आणि तेवढ्यावर अर्ज मंजूर होणार नाही, अशी त्याला धास्ती आहे.

‘ब्लेअर विच’चा शेवट इतका लागू का पडतो, याचे कारणही याच प्रकारच्या पेरणीत आहे. एका खुन्याने मुलाला भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभे केल्याची हकीकत आरंभीच्या गावकऱ्यांच्या मुलाखतींत आपण सहज ऐकून सोडून देतो. शेवटी एक पात्र कोपऱ्यात पाठमोरे उभे दिसते, तेव्हा कोणीही काही समजावून सांगत नाही आणि चित्रपट संपतो.

तुमच्याकडे तीन हाका आहेत. शेवटच्या भागात हातातला मोबाइल बंद पडू द्या आणि केवळ माळ्यावर बांधलेला मोबाइल उरू द्या. चौकटीत रिकामे भात, एका बाजूला बागेची काळी कड. बागेतून चुलत्याच्या आवाजात पुतण्याच्या नावाची एक हाक येईल आणि काही वेळाने दुसरी. चुलता मात्र माळ्याच्या खालीच बसलेला आहे आणि त्याचा खोकला आपल्याला याच मोबाइलवर अगदी जवळून ऐकू येतो आहे. तिसरी हाक द्यावी की नाही, यावर तुम्ही मंडळींनी खल करावा. माझे मत ती देऊ नये असे आहे: दुसऱ्या हाकेला पुतण्याने दुरून ओ द्यावी आणि तिथेच पॉवर बँक संपावी.